हिणकस गुरुजी

झरीच्या नाक्यावरच्या टपरीत मी गुरुजींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते चहाकडे बघत होते. पीत नव्हते, बघत होते. ग्लास उजेडाकडे धरला, जरा कलता केला, काचेवरून ओघळ कसा उतरतो ते न्याहाळलं आणि नाकपुड्या फुगवून एकच शब्द बोलले, "हिणकस." मग शांतपणे सगळा ग्लास रिकामा केला आणि आणखी एक मागवला.

या एका शब्दावर त्यांनी आमच्या शाळेतली वर्षं काढली. खडू हिणकस, पाऊस हिणकस, तलासरीच्या बाजारातली छत्री हिणकस. केंद्रप्रमुखांचा शेरा तर हिणकस असायचाच, कारण शेरा हिणकस असतो हे व्याकरणातच बसतं, असं त्यांचं म्हणणं. मुलांनी त्यांचं नाव 'हिणकस गुरुजी' ठेवलं नसतं तर नवल. एकदा कुणीतरी मुतारीच्या भिंतीवर कोळशानं हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. आता वर्गावर्गात उलटतपासणी होणार म्हणून आम्ही धास्तावलो होतो. गुरुजी हातात खडू घेऊन गेले, पाच मिनिटांनी परत आले आणि हजेरी मांडायला बसले. मी जाऊन पाहिलं. लिहिणाऱ्यानं 'हीणकस' लिहिलं होतं. गुरुजींनी दीर्घ ईकार खोडून ऱ्हस्व केला होता आणि बाजूला कंसात समजावलं होतं: 'हीण दीर्घ, पण हिणकस ऱ्हस्व.' बाकी मजकूर तसाच ठेवला होता.

गुरुजी घाटावरचे. बदलीच्या यादीत 'झरी' वाचून त्यांनी ही शाळा स्वतः मागून घेतली होती. झरी म्हणजे लहानसा झरा, तिथे निदान पाणी तरी निर्मळ असणार, असा त्यांचा तर्क. शाळेचा हातपंप पहिल्या दिवशी गंजाच्या रंगाचं पाणी ओकला. गुरुजींनी ओंजळ भरली, पाहिली आणि तो शब्द बोलले. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता, तो झाला २०१४च्या ऑगस्टात. आम्ही ठाणे जिल्ह्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथून गुजरातची हद्द सायकलीच्या टप्प्यात. मी बोर्डीकडचा, म्हणजे गुरुजींच्या हिशेबात निम्मा बाटलेलाच. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. स्वयंपाक माझ्याकडे, परीक्षण त्यांच्याकडे.

हा शब्द त्यांना वारशात मिळालेला होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आजोबा सोनार. त्यांची काळी कसोटी गुरुजींच्या ट्रंकेत धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. तळहाताएवढा, गुळगुळीत, मिट्ट काळा दगड. एका रविवारी त्यांनी तो काढला, बोटानं पुसला आणि आपल्या मुंजीतल्या अंगठीची कड त्यावर घासली. पिवळी रेघ उठली. मग शेजारी, ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याच्या सळईची रेघ. दोन्ही रेघांवर काचेच्या कांडीनं आम्लाचा थेंब. ज्या रेघेत तांबं जास्त, ती आधी फिकी पडते, आणि किती लवकर पडते यावर सोनार बोलतो. गुरुजी दगडावर इतके वाकले होते की चष्मा घसरून आम्लात पडायचा राहिला.

"कष् म्हणजे घासणे," ते दगडाकडे बघतच सांगू लागले. "घासल्यावर जे दिसतं तो कस. ज्या दगडावर घासायचं तो निकष. कषपट्टिकेची झाली कसोटी. तुम्ही रेडिओला कान लावून कसोटी सामना ऐकता ना, तोही या दगडावरच चालू असतो. आणि हीन म्हणजे सोडलेला, टाकलेला. त्याचं झालं हीण, सोन्यात मिसळलेली हलकी धातू. कसाला लावल्यावर ज्यात हीण दिसतं, ते हिणकस. त्यातूनच हिणवणं आलं. माणसाला हिणवतो म्हणजे आपण त्याला दगडावर घासतो."

"मग दागिन्यात हीण घालतातच कशाला?"

"चोवीस कॅरेट लोण्यासारखं मऊ. बांगडी हातातच वाकेल. बावीस भाग सोनं, दोन भाग इतर. हिणाशिवाय दागिना उभा राहत नाही," असं ते भरभर बोलून गेले आणि दगड गुंडाळायला लागले. मग माझ्या बोटाकडे नजर गेली. "तुमची अंगठी आणा बघू."

ती सासऱ्यांनी घातलेली अंगठी. आमच्या सासऱ्यांचा हात व्यवहारात जरा आखडता. मी म्हटलं, निघत नाही, बोट सुजलंय. त्यानंतर सगळा मुक्काम माझं बोट सुजलेलंच राहिलं.

धातूवरून गुरुजी दुधावर आले. तालुक्याच्या गावाहून लॅक्टोमीटर आणला. गवळी दारात आला की दूध उंच पेल्यात ओतायचं, काचेची ती नळी अलगद सोडायची, आणि ती डुलून थांबेपर्यंत गुरुजी, गवळी आणि मी असे तिघंही श्वास रोखून उभे. आकडा अठ्ठावीस-एकोणतीसला टेकला की गुरुजींचा चेहरा उजळायचा. "चोख!" गवळीही मान डोलवायचा. वर्षभर एकदाही काटा खाली गेला नाही. घाटावर लिहिलेल्या पत्रात गुरुजींनी झरीच्या दुधाला शिफारसपत्र दिलं होतं.

पुढे त्या गवळ्यानं धंदा सोडून टेम्पो घेतला, तेव्हा मला खरी गोष्ट सांगितली. पाणी घातलं की काटा खाली जातो, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आधी मलई काढून घेतली की काटा वर चढतो. म्हणून आधी मलई काढायची, मग काटा जागेवर येईस्तोवर पाणी घालायचं. "माझ्याकडे पण होता तसला मीटर," तो म्हणाला. "गुरुजींना रोज अठ्ठावीस दिलं. कधी कमी नाय दिलं." यात त्याला फसवणूक वाटतच नव्हती. गुरुजींनी आकडा मागितला होता, त्यानं आकडा घातला.

मधाचं तर विचारूच नका. चौथीतल्या एका मुलीच्या बापानं रानातला मध बाटली भरून आणून दिला. थंडी पडली तसा तो तळाशी दाणेदार झाला. गुरुजींनी बाटली हलवली, उलटी केली, "साखर!" म्हणाले आणि मध उकिरड्यावर ओतला. वापीहून आणलेली, मार्चपर्यंत काचेसारखी पारदर्शक राहिलेली दुसरी बाटली मात्र त्यांनी औषधासारखी चमच्या-चमच्यानं पुरवली. खरा मध थंडीत असा बसतोच, हे मी त्यांना सांगितलं नाही. उकिरड्यावरच्या मुंग्यांचा हेवा वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

पण हे सगळे छंद. गुरुजींचा धर्म होता भाषा. १९६२ साली शासनानं मान्य केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि १९७२ साली भर पडलेले चार, असे अठराही त्यांना तोंडपाठ, आणि अठरा या आकड्याबद्दल गीतेमुळे असावा तसा आदर. भेटेल त्याला ते माधवराव पटवर्धनांच्या 'भाषाशुद्धि-विवेका'चा दाखला द्यायचे. असा माणूस आमच्या भागात आला म्हणजे शाकाहारी माणसानं डहाणू बंदरावर बिऱ्हाड करण्यातलाच प्रकार. इथे पाड्यावर वारली, नाक्यावर गुजराती, तलाठ्याकडे कागदी मराठी, चिकूच्या वाडीत इराणी-पारशी मालकाची तिसरीच बोली, आणि एसटीत यांची सगळ्यांची मिळून एक. १९६० साली राज्यं झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यावरून रेघ ओढली. उंबरगाव तिकडे गेलं, तलासरी इकडे राहिलं. माणसांनी रेघ मान्य केली, शब्दांना कुणी विचारलंच नव्हतं.

गुरुजींनी दोनशे पानी वही घातली. डाव्या रकान्यात 'अशुद्ध', उजव्यात 'शुद्ध'. सगळ्यात जास्त चीड त्यांना 'चाले' या शब्दाची. आमच्याकडे कशालाही 'चाले' म्हणतात. भाजीत मीठ कमी आहे? चाले. गणित चुकलं? चाले. एसटी गेली? चाले. "चालेल!" गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे. "भविष्यकाळ! ल कुठे गेला?" वर्ग एका सुरात 'चालेल' म्हणायचा, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "चाले, गुरुजी."

त्यांच्या पहिल्या पराभवाला मी साक्षीला होतो. संजाणच्या बाजारात तांदूळ घ्यायला गेलो. गुरुजींनी मूठभर दाणे तळहातावर पसरून खडे शोधले आणि विचारलं, "तांदूळ चोख आहेत का?"

दुकानदार गुजराती. खुशीत येऊन म्हणाला, "चोखा चोख्खा छे, साहेब! भेळसेळ नथी."

गुरुजी तळहात तसाच धरून उभे राहिले. गुजरातीत चोखा म्हणजे तांदूळ, आणि चोख्खं म्हणजे स्वच्छ, निर्मळ. ते चोख्खं आणि आपलं चोख, दोन्ही एकाच संस्कृत 'चोक्ष'ची लेकरं. एवढं त्यांच्या लगेच ध्यानात आलं. घशात अडकलं ते दुसरंच.

"मास्तर," बाजारातून बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "तो भेळसेळ म्हणाला."

"म्हणाला ना. भेसळ."

"आपण भेसळ म्हणतो. का म्हणतो ते मला कधी कळलं नव्हतं. त्याच्या शब्दात भेळ उघडी दिसते. आपल्यात ती कुठेतरी गिळली गेली असावी." दोन पावलं चालून पुन्हा थांबले. "म्हणजे आपण ज्याला निर्भेळ म्हणतो, ते मुळात भेळ नसलेलं."

एरवी डहाणूच्या किनाऱ्यावर गेलं की गुरुजी भेळेच्या गाडीसमोर दोन पुड्या घेतल्याशिवाय हलत नसत. तिथे चिंचेच्या पाण्याचा कस विचारलेला मी कधी ऐकला नाही. वहीत त्या रात्री 'भेळसेळ' डावीकडे लिहायचा की उजवीकडे, यावर कंदील बराच वेळ जळला. शेवटी रकान्यांच्या मधल्या रेघेवरच लिहिला.

चोखवरून त्यांची गाडी चोखोबांवर गेली, हे मात्र मला आवडलं होतं. ज्याच्या नावातच चोख, त्याला सगळी हयात विटाळ म्हणून देवळाबाहेर ठेवला, आणि मंगळवेढ्यात भिंतीखाली गेल्यावर त्याची समाधी झाली ती पंढरपुरात नामदेव पायरीपाशी, दारातच. "दगड कुणाच्या हातात आहे त्यावर असतं सगळं," असं काहीतरी ते पुटपुटले. मग लगेच माझ्या डाळीला हिणकस म्हणाले आणि विषय संपला.

पण वहीचा खरा घात झाला तो एका पाड्यावर. पटनोंदणीसाठी घरोघर फिरत होतो. एका अंगणात एक आजा बसला होता. घराची भिंत गेरूनं सारवलेली, तिच्यावर लग्नाचा चौक काढलेला, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांत, आणि आजा त्याला टेकून उन्हाला. नातवाचं नाव घालायचं राहिलं बाजूला. या गावात २३ मे १९४५ला जी परिषद भरली तिला आपण बापाच्या खांद्यावर बसून गेलो होतो, असं तो सांगू लागला. शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर, किसान सभा, लाल बावटा, आणि पाचेक हजार माणूस. गोदावरीबाईंनी पुढे या सगळ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे आम्हाला बी.एड.ला पाठ होतं. परिषदेला गेलेला माणूस समोर बसून बिडी ओढताना प्रथमच बघत होतो.

गुरुजींनी सवयीनं वही काढली. आजा बोलेल तसतसे शब्द डाव्या रकान्यात उतरत होते. आज्याचं लक्ष नव्हतं. तो वेठीचं सांगत होता. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, आपलं शेत त्यानंतर. मग म्हणाला, त्याचे आईबाप लग्नगडी होते.

"लग्न... गडी?" गुरुजींची पेन्सिल थांबली. "म्हणजे लग्नात कामाला घेतलेला गडी?"

आज्यानं त्यांच्याकडे, न कळणाऱ्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे. फेडीच्या बदल्यात नवरा आणि बायको, दोघांनी मालकाकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाही. मेले तरी पुढे पोरं. वेठ आणि हे, दोन्ही बंद करायचं त्या दिवशी इथे ठरलं. एवढं सांगून त्यानं विझलेली बिडी पुन्हा पेटवली आणि नातवाची जन्मतारीख काहीतरी सांगून टाकली.

परत येताना गुरुजी काही बोलले नाहीत. खोलीवर आल्यावर ते वही उघडी टाकून हात धुवायला गेले तेव्हा मी पाहिलं. डावीकडे 'लग्नगडी'. उजवा रकाना कोरा. त्या पानाखाली त्यांनी पुढे काही लिहिलेलं मला दिसलं नाही. वही किराणाच्या हिशेबाला लागली. उजव्या रकान्यात रुपये, डाव्यात पैसे.

याचा अर्थ गुरुजी सुधारले असं नव्हे. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा संजाणला गेलो होतो आणि स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकड्यावर एक पारशी म्हातारेबाबा बसले होते, इथला १९२०चा कीर्तिस्तंभ पाहून परतीच्या गाडीची वाट बघत. गुरुजींनी त्यांना पिशवीतला लॅक्टोमीटर अभिमानानं दाखवला. बाबा हसले. त्यांच्या लोकांची इथली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते तशी त्यांनी सांगितली. राजानं काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, जागा नाही म्हणून. पारशांनी त्यात साखर घालून पेला परत केला, एक थेंब न सांडता.

"आता बोल मास्तर," बाबा म्हणाले, "तुझा मीटर त्या दुधाला काय बोलेल?"

गुरुजींनी प्रश्न गांभीर्यानं घेतला. साखर विरघळली की दूध जड होतं. जड झालं की नळी वर उठते. "आकडा वाढेल," ते हळू आवाजात म्हणाले. "शुद्ध दुधापेक्षा जास्त."

बाबा मांडी थोपटून हसले. त्यांचा पवित्र अग्नी काही काळ डहाणूकडच्या बहरोटच्या गुहेत लपवला होता, ते त्यांनी सांगितलं. आता तो उदवाड्याला आहे. मग असा सर्वोच्च अग्नी कसा सिद्ध करतात हेही सांगितलं. सोळा ठिकाणचा विस्तव आणायचा. लोहाराचा, कुंभाराचा, सोनाराचा, विजेच्या लोळाचा. आणि चितेचासुद्धा. प्रत्येकाला पुन्हा पुन्हा शुद्ध करायचं, मग सगळे एकत्र.

"सोनाराचाही?" गुरुजींनी एवढंच विचारलं.

"सोनाराचा पण." गाडी आली आणि बाबा चढले.

गुरुजी सेवानिवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ चांगला झाला. मुलांनी तारप्यावर नाच केला. गवळ्यानं, म्हणजे आता टेम्पोवाल्यानं, पेढे आणले. गुरुजींनी एक पेढा तोंडात ठेवला, नाकपुड्या फुगवल्या आणि त्याच्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की मला वाटलं, मलईचा हिशेब कुणीतरी त्यांना सांगितलेला आहे. मग त्यांनी आणखी दोन पेढे रुमालात बांधून घेतले.

रात्री खोलीत ट्रंक भरताना त्यांनी धोतराचा तुकडा सोडला. कसोटी पुसली. पुसण्याची पद्धतही सोनाराची, मेणाच्या गोळीनं, म्हणजे जुन्या रेघांतलं सोनंही गोळीला लागून येतं, वाया जात नाही. मग हात पुढे केला.

"आणा."

"बोट सुजलंय, गुरुजी."

"सहा वर्षं सूज राहिली तर डॉक्टरकडे जायला हवं होतं. आणा."

मी साबण लावून अंगठी काढली. खरं सांगायचं तर साबणाची गरज नव्हती. गुरुजींनी ती कंदिलापाशी धरली, कड पाहून अलगद घासली. शेजारी सळईची रेघ. काचेच्या कांडीनं एक थेंब इकडे, एक तिकडे. ते वाकले. मीही वाकलो. आम्हा दोघांच्या डोक्यांची सावली दगडावर पडली तशी त्यांनी मला कोपरानं मागे सारलं.

सळईची रेघ तशीच होती. माझ्या रेघेकडे मला नीट बघता येईना.

बाहेर पाड्यावर अजून तारपा वाजत होता. गुरुजींनी मेणाची गोळी दगडावरून फिरवली, दोन्ही रेघा पुसल्या, आणि अंगठी माझ्या तळहातावर ठेवली.

"किती कसाची आहे?"

त्यांनी दगड गुंडाळला, ट्रंकेत धोतरांच्या खाली सारला आणि झाकण लावता लावता म्हणाले,

"चाले."